पंधरा पिल्लांची ओळखपत्रं

३ मार्च, मंगळवार. सकाळी साडेदहाला उबवणी केंद्राची गाडी आली. कोंबडीची पिल्लं पंधरा, सर्व जिवंत. खोक्याला भोकं चोवीस. दुपारी डोकं दुखलं नाही. संध्याकाळी धाकट्याने शिक्क्याचं पॅड बाहेर काढलं.

हे शेवटचं वाक्य लिहिताना मला काळजी वाटायला हवी होती.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. माझ्याहून बारा वर्षांनी लहान, आता सहासष्टचा. माझे यजमान गेल्यापासून मी त्याच्याकडे मागच्या खोलीत राहते. अडतीस वर्षं तो ओळखपत्रांच्या कचेरीत चार नंबरच्या खिडकीत बसला. काम एकच. माणूस बघायचा, कार्डावरचा फोटो बघायचा. जुळलं तर शिक्का, नाही तर परत. गल्लीत त्याला शिक्केसाहेब म्हणतात. मिशी काढून आलेल्या एकाला त्याने ती वाढवून यायला लावलं होतं. मी चष्मा बदलला तेव्हा मलाही परत पाठवलं. म्हणाला, "ताई, घरी तू माझी बहीण. इथे तू अर्जदार." मी वहीत नोंद केली आणि घरी आले.

निवृत्तीनंतर त्याच्यापुढे न्याहाळायला कोणी उरलं नाही, आणि दोन्ही मुली सासरी गेल्यावर भावजयीला बोलायला कोणी उरलं नाही. म्हणून तिने पिल्लं मागवली. कुठली घ्यावीत ते ठरेना, तेव्हा "मिश्र" या चौकटीत खूण केली. खोक्यासोबत एक कागद आला. जाती पाच, प्रत्येकी तीन पिल्लं. खाली छापलं होतं: कोणतं पिल्लू कोणत्या जातीचं, हे ग्राहकाने ओळखून घ्यावं.

धाकट्याच्या चेहऱ्यावर सहा वर्षांनी रंग चढला.

ओळखलं त्याने बरोबर, हे मान्य करायला हवं. पायावर पिसं ते ब्रह्मा. पाच बोटं ते सिल्की. डोक्यावर टेंगूळ ते पॉलिश. पिवळंधमक ते लेगहॉर्न. काळं आणि डोक्यावर पांढरा ठिपका, ते प्लिमथ रॉक. मग त्याने पंधरा कार्डं कापली. क्रमांक, जात, रंग, ओळखीची खूण, पेन्सिलीने काढलेलं चित्र, आणि सहीच्या जागी पायाचा ठसा. प्रत्येकाच्या पायाला नंबराचा दोरा बांधला.

नऊ नंबरचं, ठिपकेवालं काळं, भावजयीचं लाडकं झालं. ती मटार सोलायला बसली की ते तिच्या मांडीवर झोपायचं. ती त्याच्याशी मुलींबद्दल बोलायची. मी आतून ऐकायचे. घरात इतकं बोलणं दोन वर्षांत झालं नव्हतं.

बावीस तारखेला, रविवारी, धाकट्याने तपासणी काढली.

"सात नंबर! कार्डावर पिवळा. हा पांढरा."

"पिसं आली हो त्याला," भावजय म्हणाली.

"ठसाही जुळत नाही. मोठा आहे. नऊ नंबर! खूण, डोक्यावर ठिपका. ठिपका कुठाय? आणि हे अंगावर पट्टे कसले?"

"अहो, वाढलं ते! दोरा बघा ना पायातला."

"दोरा कोणीही बांधेल." त्याने चष्मा काढून पुसला. "पंधराच्या पंधरा तोतये आहेत. खरी पिल्लं कोणीतरी बदलली."

केंद्राची गाडी मंगळवारी परत येणार होती आणि माल परत करायची संधी तेवढी एकच होती. त्याने परतीचा अर्ज भरून फ्रिजवर चिकटवला. भावजयीने नऊ नंबरला पदराखाली घेतलं.

"लग्नाच्या फोटोत तुमच्या डोक्यावर एवढे केस आहेत," ती म्हणाली. "मग हा टकल्या माझ्या घरात कधी शिरला?"

"माझं कार्ड मी तीनदा नवं केलंय."

"मग यांचंही करा की!"

"त्याला मधल्या काळाची नोंद लागते. साक्षीदार लागतो."

"मी आहे ना."

"तू गुंतलेली आहेस. चालत नाही."

तिने पदर आणखी घट्ट धरला. मी उठले आणि माझी रोजच्या नोंदींची वही आणली.

"नऊ मार्च," मी वाचलं. "नऊ नंबरच्या पंखांना पांढऱ्या कडा. चौदा मार्च. ठिपका पुसट. अठरा मार्च. ठिपका नाही, पट्टे आहेत, आवाज तोच." पंधरांचं वीस दिवसांचं वाचलं. मध्ये एकदा पाणी प्याले.

"खासगी वही," धाकटा म्हणाला. "खरी कशावरून?"

तेव्हा मला जुन्या वह्यांची पेटी उघडावी लागली. माझी पहिली वही शाळेतल्या सिस्टरनी दिली होती. त्या म्हणायच्या, वाटलं ते लिहू नकोस, दिसलं ते लिही. मी बारा वर्षांची होते, आणि त्या साली घरात दिसण्यासारखं एकच होतं.

"बाळ आज घरी आणलं. जावळ तांबूस. डाव्या कानामागे तीळ." मी पानं उलटली. "बाळाचं जावळ सगळं गळलं. आता केस काळेभोर. बाबा म्हणाले, दवाखान्यात बदललं वाटतं. आई म्हणाली, असू दे, आता सवय झाली."

धाकट्याचा हात कानामागे गेला.

"तीळ आहे," तो हळूच म्हणाला.

"तीळ कोणीही लावेल," भावजय म्हणाली. "वन्सं, मंगळवारच्या गाडीत जागा असेल ना हो?"

त्याने वही बघितली, पिल्लं बघितली. मग त्याने फ्रिजवरचा अर्ज काढला, त्याच्या कोऱ्या बाजूवर पट्टी ठेवून कार्डाच्या रेघा मारल्या आणि म्हणाला, "एकेक आणा. गर्दी करू नका."

मंगळवारी गाडीवाल्याने दारातून विचारलं, "परत काही द्यायचंय का?"

"नाही. सर्वांचं नूतनीकरण झालंय," धाकटा म्हणाला.

गाडीवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला आणखी पंधरा दिवसांच्या दाण्यांचं सांगितलं.

२४ मार्च, मंगळवार. दाणे आले. पॅडची शाई संपली. माझ्या उशीच्या अभ्र्यावर निळे ठसे, बोटं पाच. दोनदा धुतला, निघाले नाहीत.