ओझेवालीचा डाव

राजाचा डाव सगळ्यांना माहीत. इतवारीतल्या त्या मिरचीच्या गोदामात जो कुणी एक हंगाम हमाली करून गेला, तो आजही छाती फुगवून सांगतो, जेवणाच्या सुट्टीत आपण राजा व्हायचो, दिवाण व्हायचो, खडूनं आखलेल्या घरांवर कवड्या टाकून मुलूख जिंकायचो. जिंकला असेल बाप्पा, कोण नाही म्हणतं! पण त्याच डावाच्या पोटातून बायजाबाईनं एक दुसरा डाव काढला, आणि तो पहिल्यापेक्षा शंभरपट चांगला होता. त्याचं नाव कुणी काढत नाही. बायांचा डाव ना तो! मग कशाला काढतील?

गोष्ट एकाहत्तर सालच्या उन्हाळ्याची. हमालांच्या डावात ओझेवाली नावाची एक सोंगटी होती. राजाचं सामान डोक्यावर घेऊन फौजेच्या मागं चालायची. तिचं सोंग घ्यायला कुणी तयार नसे, आणि लढाई लागली की पहिली मरायची तीच. एका दुपारी भाकर खाता खाता देठ खुडणाऱ्या बायजाबाईनं विचारलं, "काहून गा रुपराव, हे बाई कुठली? हिचं घर कुठं हाये?"

रुपराव भिवापूरहून मिरचीची पोती घेऊन यायचा आणि डावात हटकून सेनापती व्हायचा. तो हसला. "तिले घर काहाले पाहिजे? ओझं वाहाले हाये ते."

 बायजाबाईला ते लागलं. सुट्टी संपून बाया परत ढिगाशी देठ खुडायला बसल्या, तेव्हा ती शेजारच्या अंजनाबाईला म्हणाली, "लढाई संपली. राजा मेला. हे बाई मेली नाही, मागच्या मागं घराकडं निघाली. सांग, वाटेत काय लागलं?"

"नदी लागली," अंजनाबाई म्हणाली. झालं, डाव सुरू.

हात कामात, तेव्हा खडू नाही की कवड्या नाहीत. सगळं तोंडानंच. अंजनाबाई कधी नदी व्हायची, कधी पाटील, डोकं फिरलं तर वाघ. गोपिका म्हणजे आदल्याच वर्षी लग्न होऊन आलेली पोरगी, ती ओझेवालीचा बैल झाली आणि इतकं छान हंबरायची की मुनीम दोनदा धावत आला. ओझेवाली मात्र कायम बायजाबाईच. वाट अडली की ढिगातली एक मिरची उचलायची आणि कानाशी हलवायची. बिया खुळखुळल्या तर वाट मोकळी. मिरची मुकी निघाली की बाई अडकली. त्या बाईला ताप आला तेव्हा सगळ्या बाया कामाचं भान विसरून बसल्या होत्या. बैल पुरात वाहता वाहता वाचला, तेव्हा गोपिका खरीखुरी रडली. राजाच्या डावात रडलं होतं का कुणी कधी?

रडायला कारण होतं. मिरचीची धूळ गल्लीत जाऊ नये म्हणून गोदामाची दारं दिवसभर बंद ठेवत. आत एवढा मोठा ढीग, वर एक झरोका, आणि खोकणाऱ्या तीस बाया. दुपारी इतवारी टेसनावरून छोट्या रेल्वेची शिट्टी ऐकू यायची. ती गाडी उमरेडवरून भिवापूरला जायची. भिवापूरपासून कोसभरावर बायजाबाईचं माहेर. पन्नास मैलसुद्धा नाही. आणि ती चौदा वर्षं तिकडं फिरकली नव्हती.

नवरा गेल्यावर दुसऱ्या वर्षी धाकट्या भावाचं लग्न निघालं. बायजाबाई हौसेनं हळद दळायला बसली, तर चार बायांसमोर आई म्हणाली, "तू नको वं हात लावू." एवढंच. आई वाईट नव्हती, लोकांना भ्यायची. पण बायजाबाईच्या अंगाची आग झाली. तिनं गाठोडं उचललं, आणि भर मांडवात म्हणाली, "पुन्हा या घरात पाय ठेवला तर बापाचं नाव लावणार नाही." बोलून बसली, आणि त्या बोलण्यातच अडकली. आईनं दोनदा निरोप धाडला. बायजाबाईनं ऐकला नाही. पुढं निरोप यायचे बंद झाले, आणि मग जावंसं वाटलं तरी कोणत्या तोंडानं जाणार?

त्या चैत्रात रुपराव पोती उतरवून तिच्यापाशी आला. आज त्याच्यात सेनापती नव्हता. "बाई, तुमची माय खाटेवर हाये. डोयानं दिसत नाही आता. तुमचं नाव घेऊन राहिली."

"बरं," बायजाबाई म्हणाली, आणि देठ खुडत राहिली.

नेमकी त्याच दिवशी ओझेवाली आपल्या गावाच्या वेशीशी पोचली. आता एक मिरची वाजली की घर! बायांनी हात थांबवले. बायजाबाईनं मिरची उचलली, हलवली. मुकी. दुसऱ्या दिवशी मुकी. तिसऱ्या दिवशी मुकी. असे आठ दिवस गेले. बाया हळहळल्या, कुणी म्हणे नजर लागली. आणि रोज बायजाबाई मनात ठरवायची की वाजली तर उद्या गाडीत बसायचं.

नवव्या दिवशी गोपिकानं तिचा हात धरला. "मावशी, तुम्ही लबाडी करून राहिल्या."

"काय बोलतं वं?"

"पाहून राहिली मी. तुम्ही दाबून पाहता. नरम असते थेच उचलता. ओली मिरची वाजन कशी?"

बायजाबाईचा चेहरा उतरला. वीस वर्षं मिरचीत हात घातलेली बाई ती. कोणती खडखडीत वाळली आणि कोणत्या मिरचीत अजून ओल आहे, हे तिच्या बोटांना न बघता कळायचं. मुद्दाम करते असं तिनं स्वतःलाही कबूल केलं नव्हतं.

"थे बाई दारात उभी राहून काय बोलन?" ती एकदम ओरडली. "वेशीपरेंत समजते मले. पुढचं नाही समजत!"

 अंजनाबाईनं ढिगातली एक वाळकी मिरची उचलली आणि तिच्या कानाशी वाजवली. "पोचली तू. आता मी तुझी माय. बोल."

 शेवटी अंजनाबाईच म्हणाली, "उन्हाची आली वं. पाणी घे आधी." आणि बायजाबाई त्या तीस जणींसमोर पदरात तोंड घालून हमसून हमसून रडली.

दुसऱ्या दिवशी ती गाडीत बसली. निघण्याआधी राखेनं हात घासले, तेल लावलं, पुन्हा घासले. गाडी कासवासारखी चालली होती, तरी तिला ती फार भरभर वाटत होती. प्रत्येक टेसनावर उतरून मागं फिरावं असं मनात येई. भिवापूरहून ती पायी निघाली. वेशीशी थांबली, आणि मग चालतच राहिली.

घरात भावजय होती. तिनं ओळखलं नाही, नाव सांगितल्यावर बाजूला झाली. आई खाटेवर, मूठभर उरलेली. बायजाबाई जवळ बसली. "माय, मी बायजा."

म्हातारीनं चाचपडत तिचा हात शोधला, दोन्ही हातांत धरला आणि आपल्या डोळ्यांकडं नेला. बायजाबाईनं झटक्यात हात मागं ओढला.

म्हातारीचे हात तसेच हवेत राहिले. बारीक आवाजात ती म्हणाली, "अजून राग हाये का वं?"

"नाही वं माय, नाही! राग नाही." बायजाबाईनं तळवे पदराला घासले. "हात तिखट हाये माये. कितीही धुतले तरी तिखट राहते. तुया डोयाले झोंबन."

 म्हातारीनं पुन्हा तो हात ओढून घेतला, आणि दोन्ही डोळ्यांवर घट्ट दाबून धरला.

"झोंबू दे," ती म्हणाली.