रजिस्टरमधली एक जून

अनुपमाबाईंना त्या बालगृहात मुली सोडून सगळेच टरकून असत. निवृत्त झाल्यावर माणसं देवदेव करतात. बाई दर मंगळवारी नांदुऱ्याहून एसटीनं जिल्ह्याच्या गावी जात आणि मुलींच्या बालगृहात भांडत. थंडीत अंघोळीला गरम पाणी का नाही? मुलींची पत्रं अधीक्षिका फोडून का वाचते? "मेहेरबानी नाही, हक्क आहे तो लेकरांचा," हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकवलं होतं, की त्या फाटकात दिसल्या तरी अधीक्षिकेचं डोकं दुखायला लागे.

काजलला तिथं बाईंनीच आणलं होतं. वडनेर भोलजीजवळच्या खेड्यातली ही आईबाप नसलेली पोर बाईंची विद्यार्थिनी. दोन वर्षांपूर्वी तिच्या मामानं, शेषरावनं, तिला हळद लावली आणि बाई पोलिसांना घेऊन मांडवात शिरल्या. पोरगी अठराची आहे, असं शेषराव सांगत होता. बाईंनी शाळेचा दाखला त्याच्या नाकासमोर धरला. "सोळाची आहे! शाळेत लिहिलं ते खरं, शेषराव, बाकी सगळं झूट." लग्न मोडलं.

खरं तर तेव्हा ती चौदाचीच होती, आणि बाईंना ते पक्कं ठाऊक होतं. त्याच्या दहा वर्षं आधी मुलांचा पट घसरून गावची शाळा बंद पडायला आली होती. तेव्हा बाईंनी घरोघर फिरून चार-चार वर्षांची पोरं गोळा केली आणि सहा पूर्ण दाखवून पहिलीत घातली. जन्मतारीख सगळ्यांची एकच, एक जून. काजलला तर चिखलातून कडेवर आणावं लागलं होतं. मांडवात सोळा सांगून काम भागलं, म्हणून बाई गप्प राहिल्या.

यंदाच्या एक जूनला काजल कागदावर अठराची झाली. अठरा भरली की बालगृह सुटतं. शेषराव दुसऱ्याच दिवशी हजर झाला. नवरदेवही मागच्याच लग्नातला, दोन वर्षं थांबलेला.

बाईंनी बाल कल्याण समितीपुढे अर्ज दिला. नोंद खोटी आहे, मी स्वतः केली आहे, माझ्यावर काय कारवाई करायची ती करा.

"मग खरी तारीख कोणती?" अध्यक्षांनी विचारलं.

बाईंना सांगता येईना. बाळंतपण घरी झालेलं, ग्रामपंचायतीत नोंद नाही, आई तर कधीच गेली.

"शाळेचा दाखला असताना आम्हाला दुसरं काही धरता येत नाही, बाई."

शेषरावनं हात जोडले. "शाळेत लिवलं ते खरं. बाईच म्हनल्या होत्या साहेब, भर मांडवात."

बाईंनी खाली पाहिलं. उभ्या जन्मात त्यांना इतकी लाज वाटली नव्हती.

मुलगी सज्ञान, म्हणून अध्यक्षांनी तिची मर्जी विचारली. काजलनं 'स्वखुशीने मामाकडे जाते' असं लिहून सही केली. सोळाच्या पोरीची ती सही कुणी मानली नसती. अठराच्या सहीपुढे कुणाचं काही चालत नाही.

व्हरांड्यात बाईंनी तिचा दंड धरला. "माझ्या घरी चाल म्हटलं होतं ना तुले? काऊन लिवलं तसं?"

"मी नाही गेली त डिंपलले मांडवात उभी करतो म्हने मामा."

डिंपल तिची धाकटी बहीण, मामाकडेच राहणारी. बारा वर्षांची.

"करून तर पाहू दे त्याले! डिंपल लहान आहे. मी आजच अर्ज देते तिच्यासाठी."

काजलच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच बाईंना सोसवेना.

"बाई, तिची तारीख त बराबर लिवली ना तुमी?"

पट त्याही साली कमी पडला होता. बाईंना रजिस्टरचं ते पान दिसलं, निळी शाई, आपलंच वळणदार अक्षर, एक जून. त्यांनी काजलचा दंड सोडला.