कान पाण्याबाहेर

पोहायला मला कुणी शिकवलं नाही, ढकललं. माढ्याजवळ आमच्या मळ्यातल्या विहिरीत चुलतभावांनी माझ्या पाठीला रिकामा डबा बांधून मला आत लोटलं, आणि उन्हाळा संपायच्या आत मी डबा सोडून त्यांच्या पुढे गेले. म्हणून थोरल्या जाऊबाईंच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी पोहणं सांगितलं, तेव्हा सोबत म्हणून मी मोठ्या तोऱ्यात निघाले. जाऊबाईंचा जन्म भवानी पेठेतला. पाणी त्यांनी पाहिलं ते बादलीत.

इथल्या तलावावर बायकांच्या बॅचला एक नियम होता. पाठीवर निवांत तरंगून दाखवायचं, मगच खोल पाण्यात जायचं. मला हसूच आलं.

पहिल्याच आठवड्यात जाऊबाई पाण्यावर चादर अंथरावी तशा पसरल्या. मी मात्र आधी पायाकडून गेले, मग कमरेतून, शेवटी नाकात पाणी. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, डोकं वर उचलताय म्हणून पाय खाली जातात, मान सोडा, कान बुडू द्या. मुरलेल्या पोहणाऱ्यांचं असंच होतं म्हणे, पाण्यात काहीच न करता पडून राहणं त्यांना जमत नाही. मला कळत होतं सगळं. पण कानाला पाणी लागलं की मान ताठ व्हायची, पोट आवळायचं आणि हातपाय झोडायला लागायचे.

जाऊबाई खोल भागात, कठडा धरून का होईना, आणि मी कमरेएवढ्या पाण्यात. वर त्या तिकडून हात हलवायच्या. घरी जेवताना सासूबाईंसमोर मुद्दाम विचारायच्या, तुमची विहीर किती खोल होती गं? माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एके दिवशी त्या माझ्याकडे उथळ पाण्यात आल्या आणि कशाला घाबरतेस म्हणून सरळ विचारलं. मग मी सांगून टाकलं. आमच्या विहिरीत भाऊ वरून मुटका मारायचे, गुडघे पोटाशी घेऊन धप्पकन उडी. मारण्याआधी एकदाच ‘सरक’ म्हणायचे. ज्याचे कान पाण्यात, त्याच्या छातीवर ते आदळायचे. त्यामुळे आमच्यात कान बुडवून कुणी पोहतच नाही.

जाऊबाई हसल्या नाहीत, याचंच मला नवल वाटलं. त्यांनी माझ्या पाठीखाली हात धरला.

“हितं कोण उडी मारतंय तुझ्यावर? मी बघत हाय की. सोड मान.”

सोडली. कान बुडाले आणि बॅचचा सगळा कलकलाट बंद झाला. पाय आपणहून वर आले. त्यांनी हात कधी काढून घेतला, कळलंही नाही. मला रडू आलं, पण ओल्या तोंडावर ते कुणाला दिसणार होतं?

दुसऱ्या दिवशी मी पास झाले. खोल पाण्यात, काठापासून हातभर अंतरावर, कान पार बुडवून, डोळे मिटून पडले. राखणीला जाऊबाई काठावर उभ्या होत्याच.

आणि माझ्या कुशीलगत काहीतरी भलंमोठं कोसळलं. गटांगळी खाऊन खोकत वर आले, तर जाऊबाई कठड्याला लटकलेल्या, टोपी एका कानावर. आयुष्यातली पहिली उडी मारली होती त्यांनी.

“‘सरक’ म्हणून वरडले की,” त्या धापा टाकत म्हणाल्या. “तुला ऐकू आलं न्हाय, त्याला मी काय करू?”