रक्त लागलेला दगड

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी डोणगावला, सासरी, भाकरी थापत होते. तवा तसाच चुलीवर राहिला. एसटीनं देऊळगाव राजाकडच्या आमच्या खदानीवर पोचेपर्यंत दुपार कलली होती. दादाला दवाखान्यात नेलं होतं आणि माय मात्र खाली खदानीतच होती, एका मोठ्या दगडासमोर उभी. डोळ्यांत टिपूस नाही. वरचा दगड अंगावर आला, एवढंच ती बोलली.

माझं माहेर म्हणजे खदानीच्या काठावरची ताडपत्रीची खोली. आमच्या लोकांत एक रीत आहे. ज्या दगडानं माणूस घेतला, तो दगड दिवस मावळायच्या आत फोडायचा. पहिला घाव घरच्या बाईनं घालायचा, मग बाकीच्यांनी, आणि तुकडे गिट्टीत मिसळून टाकायचे. अख्खा ठेवला तर तो आणखी माणूस मागतो, असं म्हणतात. खरंखोटं देव जाणे. मी लहानपणापासून हे पाहत आले, त्यामुळे यात विचार करण्यासारखं काही असेल असं कधी डोक्यातच आलं नाही.

खदानीवर मालकाचा मुनीम होता, सगळा कारभार त्याच्याच हातात. प्यायच्या पाण्याचा टँकर यानं कधी वेळेवर बोलावला नाही. दादानं हेल्मेट मागितलं तर म्हणाला होता, "काऊन बे, लढाईले चालला का?" तोच मुनीम त्या दिवशी मोटारसायकल दामटत गेला आणि नारळ, लिंबं, हळद घेऊन आला. मायच्या हातात कोरा करकरीत घण दिला. "तुमची रीत हाये माय, करून घ्या. मी आडवा येत नाही," म्हणाला. मला भरून आलं. म्हटलं, चला, या दगडालाही पाझर फुटला. मी त्याला हात जोडले. मुडदा बसवला त्याचा, मी त्याला हात जोडले!

मायनं घाव घातला. मग बाकीच्यांनी दगड फोडून काढला. मुनीमानं पोकलेन लावून जागा सपाट केली, वरून टँकरनं पाणी मारलं. तेव्हा बरा मिळाला टँकर.

तिथून आम्ही दोघी दवाखान्यात गेलो, तर तिथं वेगळंच ऐकायला मिळालं. पेशंट दारू पिऊन मोटारसायकलवरून पडला, असं आणणाऱ्यांनी सांगितलं होतं. दारू? दारूचा वास आला तरी दादा उठून बाहेर जायचा. आणि मोटारसायकल तर त्याला चालवताच येत नव्हती. मालकाला फोन केला, तर तो थंडपणे म्हणाला, "आमच्या खदानीत काहीच झालं नाही."

लोक मायला म्हणाले, भरपाईसाठी अर्ज कर. माय उसळली. "पैशाचं मंग पाहू. पयले माह्या लेकाले खदानीत मेला म्हना. दारुडा नोका म्हनू त्याले."

आम्ही तक्रार केली, हेलपाटे घातले, आणि शेवटी खाणींच्या सुरक्षेचे साहेब आले. आल्या आल्या त्यांनी वर पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "हे सगळं खालून पोखरलंय! अहो, खदान पायऱ्या पायऱ्यांनी कापावी लागते. डोक्यावर दगड लोंबता ठेवून खाली माणूस उभा करता येत नाही. कायदा आहे तसा. हेल्मेट, बूट मालकानं फुकट द्यायचे असतात."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहतच राहिले. कायदा आहे? आमचा बाप इथंच खोकून खोकून गेला, आमच्या डोळ्यांदेखत माणसं लुळी झाली, आणि कायदा होता? मग तो इतकी वर्षं कुठं मेला होता?

"दगड कुठाय?" साहेबांनी विचारलं.

मायनं सपाट जागेकडे बोट केलं. "फोडला."

"फोडला?" साहेबांचा आवाज चढला. "माणूस गेला की आमची तपासणी होईपर्यंत जागेला हात लावायचा नसतो! प्रत्येक मालकाला माहीत असतं हे. कोणी फोडला?"

"म्या," माय म्हणाली. "मानूस घेतलेला दगड फोडाची रीत हाये आमची."

नारळ, लिंबं, कोरा घण, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. आमच्याच रीतीनं, आमच्याच मायच्या हातून, यानं दादाचं मरण पुसून घेतलं होतं. मी मुनीमाकडे पाहिलं. तो बुटानं माती उकरत होता.

"कोणी पाहिलं का?" साहेबांनी विचारलं. दादाला खाटेवर घालून ज्यांनी वर आणलं ती सगळी माणसं तिथंच गिट्टीच्या ढिगांपाशी उभी होती. एकानं मान वर केली नाही. उद्याची चूल मला कळते हो, पण त्या घडीला सगळ्यांच्या झिंज्या उपटाव्यात असं वाटलं.

माय खोलीकडे गेली. तो घण घेऊन आली आणि साहेबांच्या पायाशी ठेवला. दगड फोडल्यापासून तिनं त्याला हात लावला नव्हता. मग ती मुनीमाकडे वळली.

"माहा लेक गाडीवरून पडला, तं तुनं मले हा घण काऊन देल्ला?"

साहेबांनी मुनीमाकडे पाहिलं. खदानीत क्रशर बंद होता, त्यामुळे सगळ्यांनाच मायचं बोलणं ऐकू गेलं होतं.

तेवढ्यात दादासोबत पहार मारणारा माणूस ढिगापासून दोन पावलं पुढे आला. तो मुनीमाकडे पाहत नव्हता.

"दुसरा घाव माहा होता, साहेब," तो म्हणाला.