पुसलेलं कुंकू

नारळ आणि उदबत्तीचा वास एकत्र आला की आजही माझं डोकं भणकतं. बारामतीच्या एमआयडीसीत आमच्या कंपनीत परदेशी चिप बसवलेली सहा मोठी संगणक-यंत्रं आली होती. ती उसाच्या संशोधनालाच वापरायची, पुढं कुणाला विकायची नाहीत, ही तिकडच्या सरकारची अट, कारण त्यांवर क्षेपणास्त्रांची गणितंही होतात. गोदाम सांभाळायला कळंबहून येणाऱ्या आबांनी यंत्रांना हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मी काढलेला तो फोटो यंत्रं बसवल्याचा पुरावा म्हणून तिकडं गेला. दुसऱ्याच दिवशी मालकाच्या सांगण्यावरून मी ओल्या फडक्यानं ते कुंकू पुसलं आणि यंत्रं खोक्यांत भरली. आबांनी विचारलं, "सायेब, ही कुठं निघाली?" "दुरुस्तीला," मी म्हणालो. "कालची नवरी अन् आज माहेरी व्हय?" ते हसले. यंत्रं तिसऱ्याच देशाला विकली गेली. काही महिन्यांनी तपासाला तिकडची माणसं आली, गोदाम रिकामं दिसलं. मालकानं माझ्याकडं नुसतं पाहिलं आणि मी बोलून गेलो, "किल्ली आबांकडं असते." फोटोतही हात जोडून तेच उभे होते. "सायेब, आवं खरं सांगा की!" आबा म्हणाले. पोलीस त्यांना कामगारांसमोरून घेऊन गेले. तो हरामखोर मालक आज देशाच्या सुरक्षेवर भाषणं ठोकतो आणि मी, त्याच्याहून नालायक, पहिल्या रांगेत टाळ्या वाजवतो. आबा, त्या दिवशी किल्ली माझ्याच खिशात होती.