कुणाच्या भल्यासाठी

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी बारामतीच्या कॉलेजात राज्यशास्त्र घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि जळोचीहून सायकलीवर जात-येत होते. माझे वडील, आबा, शाळेची पायरी चढले नव्हते. उभी हयात मेंढरांमागं गेलेली. पण "आज काय शिकिवलं?" हे विचारल्याशिवाय ते मला सोडायचे नाहीत, आणि मीही फुशारकीनं सांगायची.

त्या आठवड्यात वर्गात ग्रीकांचे राजकीय विचार सुरू झाले होते. तेवढ्यात बावड्याचं एक स्थळ सांगून आलं. आई हरखली. रविवारी पाहुणे बघायला येणार, हे आबांनी मला न विचारता ठरवूनही टाकलं. लग्न झालं की कॉलेज बंद, हे कुणी सांगायची गरज नव्हती. मी आतल्या आत धुमसत होते.

शनिवारी सकाळी आबा अंगणात एका मेंढीच्या पायातला काटा काढत होते. नेहमीसारखं त्यांनी विचारलं. मी तुटकपणे सांगितलं, "ग्रीस देशात लई वर्षांमागं वाद झाला हुता. एक म्हनायचा, मेंढपाळ मेंढरांचं भलं बघतो, तसं राजानं लोकांचं बघावं. दुसरा म्हनायचा, मेंढपाळ सोताचंच भलं बघतो, राजा बी तसाच."

आबा हसले. "दुसरा खरं बोलला. मेंढरांच्या भल्यासाठी कोण पाळतंय? लोकर हाय, बाजार हाय, म्हून पाळायची." काटा निघाला. मेंढीचा पाय सोडत ते म्हणाले, "पर लांडगा आल्यावर काठी घिऊन म्होरं मीच जातो. तवा डोक्यात बाजार नसतोय. पयला बी पुरता खोटा न्हाय."

आमच्या सरांना पाऊण तासात हे एवढं सोपं करून सांगता आलं नव्हतं. एरवी मी खूश झाले असते. पण डोक्यात राग होता. "मग उद्याचं पाव्हणं कुणाच्या भल्यासाठी येत्यात, आबा? माझ्या का तुमच्या?"

"जीभ लई चालाय लागली हिची!" आई चुलीपुढून ओरडली. आबा उठले आणि मेंढरं घेऊन निघून गेले. दिवसभर मला स्वतःची लाज वाटली. आणि खोटं कशाला बोलू, थोडा अभिमानही वाटला. वादात मी जिंकले होते.

रविवारी पाहुणे आले. माणसं चांगली होती, हे मला कबूल करावं लागलं. पोहे झाले, मला काय काय येतं ते विचारून झालं. तारखेची बोलणी निघाली, तसे आबा माझ्याकडं वळले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "तुला काय पायजे, ते तू सांग."

सगळे माझ्याकडं बघू लागले. आमच्यात पोरीला असं कुणी विचारत नसे. आबांनी माझ्यावर काय लादू नये, ते मला तोंडपाठ होतं. मला काय हवंय, हे मात्र मी स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं. खरंच शिकायचं होतं, की नुसतं त्यांचं ऐकायचं नव्हतं? डोळे भरून आले.

"मला अजून कळंना, आबा," एवढंच मी बोलले.

पाहुणे चुळबुळ करू लागले. आबांनी त्यांच्यापुढं हात जोडले.

"तिला कळंस्तवर मी थांबतो, पाव्हणं," ते म्हणाले. "तुमी थांबावं, असं म्हनत न्हाय."