काच खरी होती

मधुभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत खिचडीची चव घेऊन बघत होतो. आधी मास्तरांनी खायची, मग पोरांना वाढायची, असा नियम आहे. फोन वहिनींचा, म्हणजे मधुभाऊच्या बायकोचा होता. "विलासभाऊ, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. सकाळी दुकान उघडलं, खुर्चीत बसले आणि बसल्या जागीच... दिघोरीहून पवनीला पोचेपर्यंत दुपार झाली. अंगणात सगळं गणगोत जमलं होतं, फक्त माझी बहीण कुसुमताई नव्हती. आसगाव काही फार दूर नाही, तरी ती आली नाही. का आली नाही, हे कुणी कुणाला विचारलं नाही; कारण सगळ्यांना पाठ होतं. ते कारण खोटं आहे, हे आदल्या दिवसापर्यंत दोघांना माहीत होतं. आता एकट्या मला माहीत होतं.

मधुभाऊ माझा चुलतभाऊ, मोठ्या काकांचा मुलगा. आमचं घर पवनीचं, विणकरांचं. माग बसत चालले तेव्हा तो नागपूरला गेला, एका काचवाल्याच्या हाताखाली सात-आठ वर्षं राबला, आणि भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्याच्या पुढेमागे परत आला. भंडारा रोडला टिनाची शेड टाकून त्यानं गाड्यांच्या काचा बसवायचं दुकान काढलं. काकांनी डोक्याला हात लावला. पवनीत गाड्या त्या किती, त्यांतल्या काचा फुटणार किती, आणि हा खाणार काय? मधुभाऊ म्हणाला, रस्ते आपल्याकडचे असेच राहतील, काळजी नका करू. आणि खरंच, त्याचं बरं चाललं. बोलायला तो कमी, हाताला सावकाश. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की तो काम थांबवून चहा मागवायचा. त्या स्वभावाची मला तेव्हाही चीड यायची. मी मास्तर, सगळं घंटेवर चालणारा.

मी जुनी चारचाकी घेतली, आमच्या खानदानातली पहिली, तेव्हा पेढे घेऊन आधी त्याच्याकडे गेलो. त्यानं पेढा खाल्ला नाही. आधी गाडीभोवती फिरून प्रत्येक काचेच्या कोपऱ्याशी वाकला. तिथं बारीक पांढरी छपाई असते, मी ती जन्मात कधी वाचली नव्हती. त्यानं मला बोट ठेवून वाचायला लावली. हे कंपनीचं चिन्ह. हा सरकारी प्रमाणाचा शिक्का. हा आकडा म्हणजे काच कुठल्या सालची, आणि आकड्याच्या बाजूचे ठिपके मोजले की महिना कळतो. चारही दारांच्या काचा एका सालच्या, मागची मात्र दोन वर्षांनी नवी. म्हणजे मागून कुणीतरी ठोकलेली आहे, असं त्यानं निदान केलं. विकणाऱ्यानं मला शपथेवर सांगितलं होतं की गाडीला ओरखडासुद्धा नाही. मग त्यानं समोरच्या काचेवरचा एक शब्द दाखवला, लॅमिनेटेड. दारांच्या काचांवर टफन्ड असं होतं. दाराची काच फुटली की तिचे साबुदाण्यासारखे दाणे होतात. समोरची दोन काचा चिकटवून केलेली, तिला तडे जातात पण ती विखुरत नाही. समोर जर टफन्ड दिसली तर त्या गाडीत लेकरू बसवायचं नाही, असं त्यानं मला बजावलं. एवढं झाल्यावर पेढा खाल्ला.

त्या साली भाऊबीजेला मी गाडी घेऊन आसगावला ताईकडे गेलो. मधुभाऊही होता. त्याला सख्खी बहीण नव्हती, ताई आम्हा दोघांना शेजारी बसवून ओवाळायची, आधी त्याला, कारण तो मोठा. परतताना एका ट्रकच्या चाकाखालून खडा उडाला आणि समोरची काच या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली. आणि चारच दिवसांवर मी राहतो त्या दिघोरीची मंडई. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, लेकीजावयांना, सोयऱ्यांना आवतण जातं, आणि कोण कशानं आलं हे अख्खं गाव बघतं. भाऊजींना, ताईच्या नवऱ्याला, मी गाडीनं घ्यायला येतो असं सांगून बसलो होतो. मधुभाऊनं नागपूरहून काच मागवली, छपाई वाचून, सालासकट पडताळून घेतली, आणि मंडईच्या दिवशी सकाळी बसवली. काच सरकू नये म्हणून वर टपापर्यंत चिकटपट्ट्या मारल्या आणि किल्ली खिळ्याला टांगली. गाडी उद्या सकाळी न्यायची, म्हणाला.

मी वाद घातला. तो शांतपणे समजावत राहिला. या काचा पूर्वीसारख्या रबरात नसतात, गोंदावर असतात. "हे काच निस्ती हवा अडवाले नाही, विलास. धक्का बसला तं माणसाले आत धरून ठेवते. पण गोंद तं सुकू दे." मी म्हटलं, जावयाला मंडईला एसटीनं नेऊ काय? तो म्हणाला, ने. मग तो जेवायला घरी गेला. मी किल्ली काढली. पट्ट्या ओढून फेकल्या, कारण पट्ट्या मारलेल्या गाडीत जावयाला बसवलं असतं तर लोक हसले असते. एवढंच कारण. बारा वर्षं दुसरं कारण शोधलं, सापडलं नाही.

आसगावहून निघालो. भाऊजी माझ्या शेजारी, ताई मागे. सीटचा पट्टा लावायची तेव्हा आमच्याकडे कुणाला सवय नव्हती. लाखांदूरच्या अलीकडे तलावाच्या पाळीवरून म्हशी रस्त्यावर उतरल्या. मी गाडी बाजूला घेतली ती खाली गेली आणि झाडावर बसली. वेग फार नव्हता. मला स्टिअरिंगनं अडवलं, ताईचा हात मोडला. समोरची काच अख्खीच्या अख्खी चौकटीतून निघाली, आणि तिच्या मागोमाग भाऊजी. धान कापलेल्या बांधीत ते पडले होते. काच त्यांच्यापासून हातभर अंतरावर, तड्यांनी भरलेली, पण एका तुकड्यात. दवाखाना गाठायच्या आधीच ते गेले.

तेराव्याला आसगावला सगळे बसले होते तेव्हा भाऊजींच्या थोरल्या भावानं विषय काढला. काच सकाळी बसवली आणि दुपारी गळून पडते म्हणजे मधूनं माल नकली लावला असणार. मधुभाऊ उठून उभा राहिला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, नुसतं पाहिलं, मी काही बोलतो का म्हणून. मी पत्रावळीकडे बघत राहिलो. मग तो म्हणाला, "माह्याच हातची चूक असन." ताई आतून मोडक्या हातानिशी बाहेर आली आणि सगळ्यांदेखत त्याला म्हणाली की यापुढे या उंबऱ्यावर पाय ठेवू नको. तो गेला. मी जेवलो. त्या दिवशी मी जेवलो, हे मला अजून आठवतं.

पवनी गाव लहान. नकली काचवाला मधू, हे नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच. गाडीवाले काचेसाठी भंडाऱ्याला जायला लागले. त्याच्याकडे उरल्या त्या ट्रॅक्टरच्या, मळणीयंत्राच्या, कुणाच्या घरच्या खिडकीच्या काचा. भाऊबीजेला तो दुकान उघडून बसायचा आणि मी ताईसमोर पाटावर बसायचो. ती मला ओवाळायची आणि दर वर्षी न चुकता त्याला शिव्याशाप द्यायची. मी ताटात ओवाळणी टाकून मान खाली घालायचो. ताईला वाटायचं, भाऊजींच्या आठवणीनं मला भरून येतं.

एकदाच, चारपाच वर्षांनी, मी त्याला विचारलं. दुकानात आम्ही दोघंच होतो. काच तर खरी होती, कोपऱ्यावर शिक्का होता, साल होतं, लॅमिनेटेड लिहिलेलं होतं. तो कोपरा आणून लोकांपुढे ठेवला असता तर त्याच्यावरचा डाग गेला असता. एका खिडकीच्या काचेची कड घासता घासता त्यानं सांगितलं की अपघातानंतर तिसऱ्या दिवशी तो त्या बांधीवर गेला होता, छपाईचा कोपरा त्यानं तोडून घेतला आणि तिथंच चिखलात गाडला. "काच खरी निंगाली तं मंग लोक दुसरी गोष्ट विचारतीन, गाडी कोणं काढली म्हून. तिचा नवरा गेला. आता सख्खा भाऊ बी घालवू काय तिचा? मी तं चुलत होतो." मला रडू आलं. त्याला आलं नाही. त्यानं काच उलटी करून दुसरी कड घासायला घेतली. आणि मी, रडून मोकळा झालेला मी, त्यानंतरही इतकी वर्षं गप्प राहिलो.

तो गेल्यावर तीन आठवड्यांनी मी आसगावला गेलो. ताई पडवीत तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं, किल्ली, पट्ट्या, गाडलेला कोपरा, सगळं. तिचा हात सुपातच थांबला. ती म्हणाली, "तेरव्याच्या दिवशी त्यानं तुह्याकडे पाहिलं होतं. मले वाटलं, लाजून राहिला." मग तिनं विचारलं, "दर साली माह्या हातून ओवाळून घेत होता, मी त्याले शिव्या देऊन राहिली होती, तं तू ऐकून राहिला होता न?" मी हो म्हटलं. ती उठली, पदर सारखा केला आणि वहिनीला भेटायला पवनीची एसटी धरायला निघाली. मी सोबत निघालो तर म्हणाली, तू नको येऊ.

हे मी माझ्या नावानिशी छापायला देतोय ते पवनीतल्या गाडीवाल्यांनी वाचावं म्हणून. मधुकरनं नकली काच आयुष्यात कधी लावली नाही. गोंद ओला असताना गाडी मी काढली. हे छापून त्याचं दुकान आता चालणार नाही, ते मलाही कळतं. वहिनींनी ते विकायला काढलंय. आणि ताईपुढे खरं बोललो म्हणून मन हलकं झालं असंही नाही. जे जपायला त्यानं स्वतःचं नाव घालवलं, ते मी त्याच्या माघारी महिनाभरात मोडलं. त्याला हे आवडलं नसतं, हेही मला माहीत आहे.

परवा भाऊबीज झाली. ताईचं बोलावणं आलं नाही. तरी मी गेलो, साडी घेऊन, दिवस मावळता मावळता आसगावला उतरलो. फाटकापाशी आलो तर ताई अंगणात एकटी उभी होती. हातात ताट, ताटात पेटलेलं निरांजन, तोंड पश्चिमेकडे. जिला भाऊ नसतो ती बाई भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. तिनं चंद्राला कुंकू दाखवलं, अक्षता टाकल्या, तीनदा ताट फिरवलं. वळताना तिनं मला पाहिलं, आणि ताट घेऊन आत गेली.